सात दिवसांनंतरचा गुडघा

समृद्धी महामार्गावर गाडी आदळली, तर केंद्राच्या २०२५च्या योजनेतून जखमीला दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. पण अपघातापासून सातच दिवस. मांडीच्या हाडात रॉड बसतो, टाके निघण्याआधीच मुदत संपते. गुडघा वाकवायचे काम, म्हणजे फिजिओथेरपी, तर त्यानंतरचे. ते आठवडेच्या आठवडे रखडले, की सांधा आखडतो आणि चांगली झालेली शस्त्रक्रियाही वाया जाते. फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि मालिश, हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे (सुशिक्षितांतही!). हातावर पोट असलेल्याने रोजगार बुडवून, एसटीने शहर गाठून रोज व्यायाम कसा करायचा? सरकारने योजनेत किमान तीन महिन्यांची फिजिओथेरपी धरावी आणि ती ग्रामीण रुग्णालयातच मिळेल, हे पाहावे.