राउटरच्या खोक्यावर मुदत छापा

घराच्या दाराला आपण न चुकता कुलूप घालतो. परंतु बँकेपासून पत्रव्यवहारापर्यंत घरातील सारी देवघेव ज्या वायफाय राउटरमधून चालते, त्याच्या सुरक्षिततेची चौकशी क्वचितच कोणी करतो. राउटर चालविणाऱ्या अंतर्गत आज्ञावलीत, म्हणजे फर्मवेअरमध्ये, दोष राहिला की चोरास वाट मिळते. २०१८ साली ‘व्हीपीएनफिल्टर’ या घातक आज्ञावलीने किमान ५४ देशांत ५ लाखांवर राउटर व तत्सम उपकरणे ग्रासली होती.

असे दोष दुरुस्त करणे हे उत्पादकाचे काम होय. पण ही दुरुस्ती किती वर्षे मिळणार, हे विकत घेताना ग्राहकास बहुधा कळतच नाही. औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते. मग राउटरच्या खोक्यावर ती का नसावी? ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून अशी मुदत जाहीर करणे कायद्याने बंधनकारक केले आहे. आपल्या सरकारनेही तोच मार्ग अनुसरावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.

तोवर गृहस्थांनी मूळचा पासवर्ड बदलावा, फर्मवेअर अद्ययावत ठेवावे आणि ज्याची दुरुस्ती थांबली तो राउटर निवृत्त करावा. दिवे लुकलुकतात म्हणून राउटर सुरक्षित आहे असे मानणे, हा निव्वळ भोळेपणा होय.