भयपटाची पहिली तीन मिनिटे

वसतिगृहातील मुलांच्या हाती मोबाइलचा कॅमेरा आला आणि लघुचित्रपट करण्याचा विचार निघाला, की पहिली पसंती बहुधा भयपटालाच मिळते. अशा वेळी आपल्यातील काही ज्येष्ठ मंडळी आक्षेप घेतात. बावीस प्रतिज्ञांचा संस्कार देणाऱ्या शाळेत भुताखेतांचा खेळ कशासाठी, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. परंतु बंदी हे त्याचे उत्तर नव्हे, असे आमचे मत आहे. भयपट मुलांनी जरूर करावा. वडीलधाऱ्यांनी लक्ष घालावे ते त्याच्या प्रारंभीच्या प्रसंगात, कारण भ्यायचे कोणाला, हे प्रेक्षक तेथेच शिकतो.

नेहमीचा प्रारंभ सर्वांच्या परिचयाचा आहे. अमावास्येची रात्र, गावाबाहेरचा पिंपळ, टाचण्या टोचलेले लिंबू आणि केस मोकळे सोडलेली एकटी बाई. पडद्यावर ही बाई म्हणजे केवळ एक सोय असते. गावात मात्र अशाच एकाकी, निराधार स्त्रीवर करणीचा आळ येतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला असून, त्यास सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. तोच आळ आपल्या मुलांनी पहिल्या दृश्यात नकळत घेऊ नये.

मग प्रारंभ करावा कसा? मज्झिमनिकायातील भयभेरव सुत्तात तथागत आपला संबोधीपूर्वीचा अनुभव जानुस्सोणि ब्राह्मणाला सांगतात. वनातील ज्या चैत्यस्थानांची लोकांना धास्ती वाटे, तेथेच ते ठराविक तिथींच्या रात्री मुद्दाम जाऊन राहत. एखादे हरिण जवळ येई, मोर काटकी पाडी, वारा पाचोळा हलवी. आणि मनात भय उभे राही. चालताना भय आले तर ते चालतच त्यावर मात करीत, उभे असताना आले तर उभ्यानेच.

आमच्या मते यातच प्रारंभीच्या प्रसंगाचा आराखडा आहे. पडदा जवळजवळ काळा असावा आणि ऐकू यावी ती फक्त पाचोळ्याची सळसळ, पार्श्वसंगीत नको. मग वीज गेलेला वसतिगृहाचा व्हरांडा आणि पाण्याच्या टाकीकडे निघालेला पाचवीतला मुलगा दिसावा. आवाज पुन्हा येतो. कॅमेरा आवाजाकडे वळू नये, मुलाच्या चेहऱ्यावर थांबावा. तो माघारी पळेल की पुढे पाऊल टाकील, हीच खरी उत्कंठा. तो पाऊल टाकतो, आणि तेथेच चित्रपटाचे नाव यावे. आवाजाचे कारण पुढे सावकाश उलगडू द्यावे.

भूत नसेल तर कोण घाबरणार, असे मुले विचारतील. त्यांना आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण द्यावे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि तर्कवितर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा तो परिणाम असल्याचे कळले. कारण कळल्याने त्या दृश्याचा थरार कमी झाला नाही. कमी झाल्या त्या अफवा.

म्हणून चित्रीकरणापूर्वी मुलांनी एका रात्री शिक्षकांसह आवारात दहा मिनिटे शांत बसावे, ऐकू येणारा प्रत्येक आवाज वहीत लिहावा आणि दुसऱ्या दिवशी त्याचे कारण शोधावे. पटकथेची पहिली पाने त्या वहीतूनच निघतील. स्नेहसंमेलनात असा चित्रपट दाखवला जाईल, तेव्हा पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवण्यापूर्वी एवढेच पाहावे, की पहिल्या तीन मिनिटांत आपल्याला कोणाची भीती घालण्यात आली.