निंबिनचा मेळा आणि परतीची वाट

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील निंबिन या लहानशा गावात दरवर्षी मे महिन्याच्या आरंभी हजारो पाहुणे येतात. निमित्त असते ‘मार्डीग्रास’ या गांजाच्या मेळ्याचे. ‘मार्डी ग्रा’ या प्रसिद्ध उत्सवाच्या नावात गवताचा इंग्रजी शब्द मिसळून हे नाव घडले आहे. मिरवणूक, संगीत, गमतीच्या स्पर्धा असे त्याचे बाह्य रूप. मूळ मात्र निषेधाचे आहे. पोलिसांच्या छाप्यांना कंटाळलेल्या रहिवाशांनी 1993 मध्ये गांजाबंदीचा कायदा बदलावा म्हणून पहिला मोर्चा काढला.

हा परिसर गाईगुरांचा. दुग्धव्यवसाय ओसरल्यावर गावाला अवकळा आली होती. 1973 मध्ये विद्यार्थी संघटनेने येथे ‘अ‍ॅक्वेरियस’ महोत्सव भरविला आणि त्यातील अनेक तरुण परत गेलेच नाहीत. त्यांनी सामायिक जमिनी घेतल्या, वस्त्या वसविल्या, गांजाही पिकविला. आज पर्यटक जे निंबिन पाहण्यास येतात, ते या नवागतांनी घडविलेले आहे. महाशिवरात्रीला भांग घेणाऱ्या देशातील वाचकास यातील कौतुक कदाचित थोडे अधिकच वाटेल.

खरा प्रश्न मेळ्याहून परतताना उभा राहतो. रस्त्यावर पोलीस वाहनचालकाच्या लाळेची चाचणी घेतात. ही चाचणी गांजातील टीएचसी या द्रव्याचा अंश शोधते. चालक नशेत आहे की नाही, हे ती सांगत नाही. अंमल उतरल्यावरही हा अंश सापडू शकतो. मद्याला जशी रक्तातील प्रमाणाची मर्यादा आहे, तशी येथे ठेवलेली नव्हती.

2016 मध्ये ऑस्ट्रेलियाने वैद्यकीय गांजाला कायदेशीर मान्यता दिली आणि विसंगती उघडी पडली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रात्री औषध घेणारा रुग्ण दुसऱ्या दिवशी चाचणीत दोषी ठरू लागला. शहरात परवाना गेला तर बस वा रेल्वे असते. निंबिनसारख्या डोंगराळ ग्रामीण भागात सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी आहे. तेथे परवाना जाणे म्हणजे काम, बाजार आणि दवाखाना एकदमच दुरावणे. रस्त्यावरील सुरक्षिततेची चिंता रास्तच आहे, पण नशा न मोजणारी चाचणी त्या चिंतेचे उत्तर ठरत नाही.

राजधानी कॅनबेराच्या प्रदेशाने 2020 पासून प्रौढांना 50 ग्रॅमपर्यंत सुका गांजा बाळगण्याची आणि प्रत्येकी दोन रोपे लावण्याची मुभा दिली. वाहनचालकांबाबतचे निर्बंध मात्र तेथेही कायम ठेवले. टास्मानियात चिठ्ठीनुसार औषध घेणाऱ्या चालकाला कायद्याने बचाव दिला आहे. व्हिक्टोरियाने मार्च 2025 पासून अशा रुग्णाचा परवाना रद्द करावा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना दिला. गुन्हा मात्र गुन्हाच ठेवला.