फूटपट्टी आधी की खेळ?

बर्फ मी पाहिला तो रसवंतीवर, भुशात गुंडाळलेला. तेव्हा आइस हॉकीविषयी मी लिहावे याचे काहींना हसू येईल. येऊ द्या. हॉस्टेलमधल्या मित्राच्या मोबाइलवर हे सामने पाहू लागल्यापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. कॅनडा-अमेरिकेतील एन. एच. एल. चे संघ दरवर्षी अठराएक वर्षांची पोरे निवडून वाटून घेतात. त्याला 'ड्राफ्ट' म्हणतात. त्यात सेंटर, म्हणजे मधला गडी, निवडताना 'पोरगा केवढा आहे?' हे आधी पाहावे काय?

१९८० ची गोष्ट. पहिली निवड मॉन्ट्रियल कॅनेडियन्सची होती. डेनिस सावार्ड त्याच शहरात वाढलेला. ज्युनिअर हंगामात गोल व पास मिळून १८१ गुण केलेला. पण उंची पाच फूट दहा इंच! संघाला धिप्पाड सेंटर हवा होता. त्यांनी सहा फूट एक इंचाचा डग विकेनहायझर घेतला. सावार्ड तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला गेला. पुढे एन. एच. एल. मध्ये सावार्डचे ४७३ गोल झाले, विकेनहायझरचे १११. अखेर १९९० साली मॉन्ट्रियलने सावार्डला आणलेच, पण ख्रिस चेलिओससारखा बचावपटू देऊन. विकेनहायझरही काही टाकाऊ नव्हता. ज्युनिअरमध्ये त्याच हंगामात त्याने ८९ गोल केले होते. निवड दुसऱ्यांची, शिक्का मात्र त्या बिचाऱ्यावर बसला.

आता दुसरी बाजू. सेंटरला स्वतःच्या गोलपुढे उतरून दांडग्या गड्यांना रेटावे लागते. तिथे वजन लागतेच. १९८४ चा पहिला, मारिओ लेम्यू, सहा फूट चार इंच होता आणि अफाट खेळला. १९९१ चा पहिला एरिक लिंड्रॉसही तेवढाच उंच. पण डोक्याला बसलेल्या माराने त्याची कारकीर्द पोखरली. २००५ पासून काठी अडकवून गडी रोखण्याविरुद्ध पंच कडक झाले आणि चपळ पोरांना वाट मिळाली. ब्रेडन पॉइंट, पाच फूट दहा, २०१४ साली ७९ वा निवडला गेला. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी टँपा बेने स्टॅन्ले कप जिंकला तेव्हा बादफेरीत त्याचे चौदा-चौदा गोल होते. २०२३ साली तर तेवढ्याच उंचीचा कॉनर बेडार्ड पहिलाच निवडला गेला.

दोघे सारखेच खेळत असतील तर थोराड पोरगा घ्यावा, माझी तक्रार नाही. पण आधी खेळ बघा, मग पट्टी काढा.

हा प्रश्न मलाच का चिकटला, तेही सांगतो. गेल्या वर्षी एका भरतीला उभा होतो. हवी होती उंची १६५ सेंटिमीटर, माझी भरली १६३. वडील फाटकाबाहेर सायकल धरून थांबले होते. म्हणाले, "कितवा आलास रे पळण्यात?"

पळायची पाळीच आली नव्हती.