मालक नव्हे, भाडेकरू

बडी घरे हॉटेलवाल्यांच्या हाती गेली की इतिहासाची माती झाली, अशी हळहळ नेहमी ऐकू येते. मला ती पुरती पटत नाही. इंग्लंडमधले, थेम्सकाठच्या उंचवट्यावरचे क्लिव्हडन घ्या. आधीची दोन घरे आगीत गेली. आजची इमारत चार्ल्स बॅरी या वास्तुविशारदाने आखलेली, १८५१ सालची. १८९३ मध्ये ती अमेरिकन धनिक विल्यम वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टरने विकत घेतली आणि १९०६ मध्ये लेकाच्या लग्नात चक्क आहेर म्हणून देऊन टाकली. (आहेर असावा तर असा!) सून नॅन्सी १९१९ मध्ये ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात बसणारी पहिली स्त्री ठरली.

पण क्लिव्हडन म्हटले की लोकांना आठवतो तो पोहण्याचा तलाव. १९६१ च्या उन्हाळ्यात युद्धमंत्री प्रोफ्युमो यांना क्रिस्टीन कीलर तिथेच भेटली. १९६३ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. भानगडीला गिऱ्हाईक लवकर मिळते, हे मला खटकते. याच आवारात पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे इस्पितळ होते, आणि बागेत त्यांतल्या काहींच्या कबरी आहेत.

तरीही हॉटेलवर माझा राग नाही. १९४२ मध्येच अ‍ॅस्टर कुटुंबाने ही वास्तू नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिली. १९८० च्या दशकात आलेले हॉटेल तिथे भाडेकरू आहे. एवढ्या घराचे छप्पर सांभाळायला पैसा लागतोच; तो श्रीमंत पाहुण्यांच्या खिशातून येऊ दे की! खोली न घेताही, ट्रस्टचे तिकीट काढून, कोणालाही बागेत फिरता येते. त्या कबरींपर्यंत जाता येते.