मोठा फिश टँक : नवा घ्यावा की वापरलेला?

आपल्या भिवंडीत पेढ्यांवर आणि शोरूममध्ये मोठा फिश टँक ठेवण्याची आवड वाढली आहे. ग्राहक दोन मिनिटे जास्त थांबतो, त्याच्यासोबत आलेली मुले रमतात, सौदा शांतपणे होतो. यात गैर काही नाही. परंतु नव्या टँकची किंमत ऐकली की पुष्कळ बंधू वापरलेल्या टँककडे वळतात आणि अर्ध्या किमतीत मिळाला म्हणून खूश होतात. हा सौदा खरोखर किफायतीचा आहे का, हे आम्हाला आज तपासायचे आहे.

भिवंडीच्या माणसाला जुन्या मालाची भीती नाही. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग घेऊन इथे कित्येकांनी कारखाने उभे केले. त्यामुळे जुना माग चालतो, मग जुना टँक का चालू नये, असा हिशेब आपण सहज करतो. हा हिशेब चुकीचा आहे. माग लोखंडाचा असतो. बुश झिजला तर बदलता येतो, माग बिघडला तर थांबतो आणि जॉबर येऊन दुरुस्त करतो. टँक म्हणजे काचा आणि त्यांना धरून ठेवणारा सिलिकॉनचा जोड. काच जुनी होत नाही, जोड जुना होतो. आणि जोड सुटला की टँक मागासारखा थांबत नाही, तो रिकामा होतो.

किती पाणी बाहेर येईल, तेही पाहू. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टँक म्हणजे 16 घनफूट. त्यात सुमारे 450 लिटर पाणी मावते, म्हणजे 450 किलो. 12 मिलिमीटर जाडीची काच असेल तर काचेचेच वजन 90 किलोच्या आसपास भरते. खडी, दगड आणि स्टँड धरून 600 किलोपर्यंत बोजा जातो. रात्री पेढी बंद असताना एवढे पाणी जमिनीवर ठेवलेल्या ग्रे कापडाच्या गाठींत शिरले, तर टँकवर वाचवलेले पैसे एका गाठीतच जातील. म्हणून टँक नवा असो वा जुना, मालाच्या खोलीत तो ठेवूच नये.

वरच्या मजल्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. राहत्या घराच्या स्लॅबचा हिशेब साधारण दर चौरस मीटरला 200 किलो धरून करतात. आपला टँक पाऊण चौरस मीटर जागेत 600 किलो ठेवतो. भार थोडा आजूबाजूला पसरतो हे खरे, पण आपल्या इमारतींची अवस्था आपल्याला ठाऊक आहे. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली आणि 35 हून अधिक माणसे गेली. तिथे टँकचा काही संबंध नव्हता. परंतु ज्या शहराने हे पाहिले, तिथे जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर शौकासाठी असा बोजा चढवणे शहाणपणाचे नाही. इंजिनिअरला विचारल्याशिवाय ते करू नये.

वापरलेला टँक घ्यायचाच असेल तर कापडाचा ताका उलगडून पाहतो तसा पाहावा. जोडात बुडबुडे आहेत का, सिलिकॉनची कड सुटली आहे का, काचेच्या कोपऱ्याला टवका गेला आहे का, वरच्या आधारपट्ट्या शाबूत आहेत का, हे उजेडात तपासावे. नंतर सपाट जागेवर काठोकाठ भरून निदान दोन दिवस ठेवावा आणि खाली कोरडा कागद अंथरावा. विक्रेता भरून दाखवायला तयार नसेल तर सौदा सोडावा. मालातला ऐब सांगून विकावा ही आपल्या धर्माची शिकवण आहे. ती टँक विकणाऱ्यालाही लागू आहे, आणि उद्या आपण विकू तेव्हा आपल्यालाही.

जोड कमजोर दिसला तर वरून नवा सिलिकॉन फासून काम भागत नाही. जुन्या सिलिकॉनवर नवा नीट धरत नाही, सगळा खरवडून काढावा लागतो. बाथरूमसाठी मिळणारा बुरशीरोधक सिलिकॉन माशांना घातक असतो, तो वापरू नये. धुताना साबण लावू नये. एक फायदा मात्र वापरलेल्या टँकमध्ये आहे. चालू फिल्टरचा स्पंज ओला ठेवून आणला तर पाणी शुद्ध करणारे जिवाणू सोबत येतात. नव्या टँकमध्ये ते तयार व्हायला महिनाभर किंवा जास्त लागतो, आणि घाईने सोडलेले मासे तेवढ्यात मरतात.

नवा म्हणजे निर्धोक, असेही समजू नये. बर्लिनच्या एका हॉटेलातील 10 लाख लिटरचे मत्स्यालय त्याच वर्षी दुरुस्त करून उघडले होते. तेही 16 डिसेंबर 2022 रोजी पहाटे फुटले आणि बहुतेक मासे मेले. भिवंडीत तर मागांचा ठोका रात्रंदिवस चालतो. कारखान्याला लागून असलेल्या भिंतीशी टँक ठेवला तर ती थरथर जोडालाही लागते आणि माशांनाही.

आमचे मत असे. चार फुटांपर्यंतचा टँक, तळमजल्यावर, स्वतः भरून पाहिलेला असेल तर वापरलेला घेण्यास हरकत नाही. मात्र किंमत काचेची द्यावी, आणि जोड पुन्हा भरण्याची मजुरी हिशेबात धरूनही ती नव्याच्या निम्म्यावर जाऊ नये. त्याहून मोठा हवा असेल तर नवाच घ्यावा, आणि तयार माल आणण्याऐवजी आपल्याच काच-कारागिराकडून मापाने बनवून घ्यावा. काचेची जाडी आणि गळतीची जबाबदारी बिलावर लिहून घ्यावी. आपल्या कारागिरांनीही हे काम शिकून घ्यावे. लेखी जबाबदारी घेणाऱ्या माणसाला या शहरात काम कमी पडणार नाही.