नाव असेल तो कलावंत, नसेल तो ‘लोक’!

आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु दळणारीचे पीठ खाऊन वर तिलाच ‘बाई, तू दळतेस ते दळण नव्हेच’ असे ऐकविणारे शहाणे पाहावयाचे असतील, तर त्यांनी संगीताची मासिके व त्यांचे दिवाळी अंक चाळावे.

पाचोरा तालुक्यातील गिरणाकाठची आमची शाळा. पोरे कापूस वेचणारणींची व सालदारांची. गेल्या वर्षी एका सद्गृहस्थाने शाळेस अशा जुन्यानव्या मासिकांचा गठ्ठा भेट दिला. आम्ही चौथीच्या वर्गात अंक वाटले आणि चित्रे पाहून गाणाऱ्यांविषयी पाच ओळी लिहावयास सांगितल्या. मुलांनी लिहिले ते असे: गाणारा म्हातारा असतो, त्याच्या अंगावर शाल असते, तो मोठ्या शहरात राहतो. गाणारी बाई तरुण व गोरी असते, ती हसते. मग आम्ही विचारले, “तुमच्या घरी कोण गाते?” एकही हात वर झाला नाही. त्याच वर्गात एक मुलगी आहे. तिची आजी लग्नाची हळद दळावयास जात्यावर बसली म्हणजे सारी गल्ली कामे टाकून ऐकत राहते. आम्ही तिच्याकडे पाहिले, तर पोर म्हणाली, “मन्ही आजी म्हनस ते गानं नही, गुरुजी. ते दयन शे.”

नऊ वर्षांच्या पोरीस ही अक्कल कोणी शिकविली? आम्ही नाही. तिने ती चित्रांवरून उचलली. म्हणून या मासिकांस जाब विचारणे भाग आहे.

त्यांचा पहिला भेद वर्गाचा. ज्याचे गाणे दिवाणखान्यात किंवा तिकिटाच्या सभागृहात होते, त्याला घराणे, गुरू, गाव, जन्मसाल सारे मिळते. ज्याचे गाणे शेतात, जात्यावर, डफावर, तमाशाच्या फडात होते, तो ‘लोक’! त्याचे ते ‘लोकसंगीत’, म्हणजे वर्षातून एकदा वाढावयाचे तोंडीलावणे. चित्राखाली ‘पारंपरिक वेशातील स्त्रिया’ असे छापले की संपादकमहाशयांचे कर्तव्य संपले. आमच्या खानदेशातील वहीगायन करणारा डफवाला, कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बाया, गुलाबाई मांडणाऱ्या पोरी, यांस नाव नाही, गाव नाही, गुरू नाही. जणू ही गाणी पावसासारखी आभाळातून पडली!

कोणी म्हणेल, ‘अहो, पण शास्त्र पाहिजे.’ शास्त्र आम्हांसही पाहिजे. पण पंडित भातखंडे यांनी १९१० पासून ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत छापली, ती काय नुसत्या पोथ्या वाचून? गावोगावच्या गवयांकडे, खाँसाहेबांकडे खेपा घालून, त्यांच्या तोंडच्या चिजा ऐकून, टिपून त्यांनी आपले काम केले. आधी गळा, मग ग्रंथ. एका गळ्यापुढे कागद घेऊन बसावे आणि दुसऱ्यास दळण म्हणून सोडून द्यावे, यात शास्त्र कोठले?

दुसरा भेद स्त्रीपुरुषाचा. पुरुष गायला की तो पंडित, बुवा, उस्ताद. बाई गायली की ती बाई किंवा ताई. ‘बाई’ हा शब्द आमच्याकडे मानाचाच आहे. पण त्याला विद्येची पदवी आणि तिला नात्याची हाक, हा न्याय कोणता? अलीकडे ‘विदुषी’ लिहू लागले आहेत, हे बरे झाले. पण मुलाखत उघडून पाहा. त्याला रियाज विचारतात, तिला संसार विचारतात.

ही खोड जुनी आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे तबकडीवर घेतले गेले. पुढे ‘घरंदाज’ म्हणविणाऱ्या बायका तबकड्यांसाठी गाऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या नावापुढे ‘अ‍ॅमॅच्युअर’ असे छापण्याची रीत पडली. अर्थ हा की, ही गाते, पण गाण्यावर पोट भरणाऱ्यांतली नव्हे! पुरुषाने गाण्यावर पोट भरले तर ती साधना, बाईने भरले तर तो डाग. आणि डाग ठरविलेल्या त्याच घरांतून विद्या कोणी राखली? अल्लादियाखाँसाहेबांची गायकी पुढे नेली ती गोव्याच्या कलावंत घराण्यांतल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचे निवडक संगीत अंतराळात पाठविले, त्यात आवाज गेला तो केसरबाईंचा.

तिसरा भेद वयाचा. म्हातारा गवई ‘तपस्वी’ होतो. त्याचा आवाज फाटला तर ‘अनुभव बोलतो’. बाई म्हातारी झाली की लिहितात, ‘एके काळी त्यांनी...’ लावणीवालीचे तर विचारू नका. तिचे चित्र पंचविशीपर्यंत. पुढे ती आहे की गेली, चौकशी नाही. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. त्या २००२ साली वारल्या. मागाहून सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार काढला. यमुनाबाई वाईकर १९१५ साली जन्मल्या. त्यांना पद्मश्री मिळाली २०१२ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. बैठकीची लावणी उतारवयातही सूर आणि अदा राखू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. तरी चित्र हवे ते घुंगरांचेच, गळ्याचे नव्हे!

आता आमच्या घरचे उदाहरण. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्या घरात, शेतात काम करता करता गात. त्या १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. नाव झाले, योग्यच झाले. पण नाव झाले ते कवयित्री म्हणून. त्यांच्या शब्दांवर लेख पडले, ग्रंथ झाले. शब्द ज्या चालीत फिरत होते ती त्यांची स्वतःची चाल कोणत्या संगीत मासिकाने त्या हयात असताना स्वरलिपीत घेतली, हे आम्हांस कोणी दाखवावे. दाखविले तर आम्ही याच पानावर आभार मानू. १९६१ च्या ‘मानिनी’ बोलपटात त्यांची गाणी वसंत पवारांच्या चालींत घरोघर पोचली. त्या चाली गोड आहेत. पण त्या जात्याच्या नव्हेत.

‘अशी गाणी निनावीच असतात’ हे म्हणणे खोटे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि म्हणणारीचे नाव व गाव टिपून ठेवले. विचारले म्हणून नाव मिळाले. न विचारणाऱ्याने ‘निनावी’ म्हणू नये. ‘मी विचारले नाही’ असे म्हणावे.

बंधुभगिनींनो, आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. यात्रेत फडातल्या बाईवर शिट्ट्या मारणारे आपणच. हळदीला भाड्याचे कर्णे लावून आजीला ‘गप बस’ म्हणणारे आपणच. परक्याने नाव पुसले याचा राग धरावा, पण आपण ते लिहिले केव्हा?

मासिकवाल्यांकडे मागणे थोडके आहे. जिचे चित्र छापाल तिचे नाव, गाव, वय छापा. तिची गुरू सासू किंवा आई असेल तर तसे लिहा. पदवी द्यावयाची तर दोघांस एका मापाने द्या. आणि शब्दांबरोबर चालही टिपा.

आम्ही आमच्यापुरता आरंभ केला आहे. त्या मुलीच्या वहीत आता एक पान आहे. ‘गायिका’ या शब्दापुढे आजीचे नाव, ‘गुरू’ या शब्दापुढे आजीच्या आईचे. ती नावे येथे छापत नाही, कारण आजीला अजून विचारलेले नाही. न विचारता छापणे हाही तोच उद्दामपणा. येत्या लग्नसराईत ती जात्यावर बसेल तेव्हा विचारू. प्रत्येक गावच्या शिक्षकाने असे एक पान लिहवून घ्यावे. मग पाहू, ‘लोक’ कोण आणि कलावंत कोण.

— एक गावशिक्षक, ता. पाचोरा